‘इन्टू द वाइल्ड’ वाचून एकट्याने डोंगरात निघताना

जॉन क्राकाउर यांचं ‘इन्टू द वाइल्ड’ 1996 साली आलं, 2007 मध्ये त्यावर सिनेमा निघाला. पुण्यातल्या होस्टेलच्या खोल्यांमधून त्याच्या प्रती अजून हातोहात फिरतात. पुस्तक संपलं की अनेकांच्या मनात एकच गोष्ट येते: शनिवारी पहाटे स्वारगेट गाठायचं, वेल्ह्याकडची एसटी धरायची आणि कुणालाही बरोबर न घेता राजगड नाहीतर तोरणा चढायचा. या इच्छेत गैर काहीच नाही. एकट्याने चालताना डोंगर जसा कळतो तसा दहा जणांच्या घोळक्यात कळत नाही. पण पुस्तकात ज्याची खरी गोष्ट आहे तो मुलगा, एकट्याने अलास्काच्या रानात गेलेला ख्रिस मॅककँडलेस, नेमका कुठे अडकला ते नीट पाहून मगच पाठीला सॅक लावा. आत शिरताना त्याला फारसा त्रास झाला नाही. दोन महिने तो आत राहिलाही. अडकला तो परत निघाल्यावर. एकट्याच्या भटकंतीत सगळ्यात आधी आखायची ती परतीची वाट, आणि खाली जे जे सांगितलं आहे ते सगळं तिच्यासाठीच आहे.

पुस्तक वही घेऊन वाचा

या पुस्तकातला काळ सरळ पुढे जात नाही. पहिल्या प्रकरणात 28 एप्रिल 1992 रोजी एक इलेक्ट्रिशियन ख्रिसला अलास्कातल्या हीली गावाच्या पश्चिमेला, स्टॅम्पीड ट्रेलच्या तोंडाशी सोडतो. दुसऱ्या प्रकरणात थेट सप्टेंबर उजाडतो आणि शिकाऱ्यांना रानात सोडून दिलेल्या एका जुन्या बसमध्ये त्याचा मृतदेह सापडतो. मग गोष्ट मागे 1990 मध्ये जाते. मध्येच दुसऱ्या भटक्यांची प्रकरणं आणि लेखकाच्या स्वतःच्या तरुणपणीच्या एका चढाईची दोन प्रकरणं येतात. नुसतं वाचत गेलात तर भावना लक्षात राहतात आणि निर्णय निसटतात.

वहीत चार रकाने आखा. तारीख, ठिकाण, त्याने काय ठरवलं, आणि त्या घडीला त्याला काय माहीत नव्हतं पण सहज कळू शकलं असतं. चौथा रकाना भरायला वेळ लागतो, आणि तुमच्या उपयोगाचा तोच आहे.

नमुन्यादाखल काही ओळी. जुलै 1990, ॲरिझोना: गाडी कोरड्या ओढ्याच्या पात्रात उभी केली, अचानक लोंढा आला, गाडी भिजून बंद पडली आणि तिथेच सोडावी लागली. चौथ्या रकान्यात लिहा, ‘कोरडं पात्र म्हणजे पाण्याचीच वाट’. एप्रिल 1992: टेक्लानिका नदी पायी ओलांडली, तेव्हा वरचा बर्फ वितळायचा होता आणि पाणी कमी होतं. चौथा रकाना: ‘हीच नदी जुलैत कशी असते?’ 9 जून: मूस नावाचं मोठं हरीण मारलं, मांस धुरावर टिकवायचा प्रयत्न केला, ते किड्यांनी नासलं. अलास्कातले शिकारी अशा वेळी मांसाच्या पातळ पट्ट्या कापून वाऱ्यावर वाळवतात. त्याने विचारलं होतं ते दूरच्या साउथ डकोटातल्या शिकाऱ्यांना. 3 जुलै: परत निघाला. 5 जुलै: नदी तुडुंब. 8 जुलै: पुन्हा बसमध्ये. 30 जुलैला अतिशय अशक्तपणा आल्याची नोंद आहे. 18 ऑगस्टच्या सुमारास तो गेला आणि 6 सप्टेंबरला सापडला.

5 जुलैच्या ओळीशी थांबा. नदीच्या त्या जागेपासून खालच्या अंगाला, एक मैलाच्याही आत, पाण्याची पातळी मोजण्याचं सरकारी ठाणं होतं. तिथे दोन्ही काठांना जोडणारी पोलादी तार होती आणि तिच्यावर हाताने ओढायचा पाळणा होता. पुढच्या वर्षी क्राकाउर स्वतः त्याच पाळण्यातून नदीपार गेले. ख्रिसकडे उंचसखलपणा दाखवणारा नकाशा नव्हता. पेट्रोल पंपावर मिळतो तसला रस्त्यांचा फाटका नकाशा होता. काठावर उभं राहून दोन्ही दिशांना तासभर चालून बघावं, एवढंही त्याने केल्याचं दिसत नाही.

आठव्या प्रकरणातला छायाचित्रकार तर याच विषयावरचा अख्खा धडा आहे. 1981 साली तो विमानाने रानात उतरला. पाचशे रोल फिल्म आणि सहाशे किलोंहून जास्त सामान बरोबर होतं. परत न्यायला विमान कधी येणार, हे मात्र त्याने पक्कं ठरवलंच नव्हतं. पुढे एक विमान डोक्यावरून गेलं तेव्हा त्याने आनंदाने एक हात उंचावून मूठ हलवली. एक हात वर, याचा वैमानिकांच्या लेखी अर्थ ‘सगळं ठीक, मदत नको’. विमान निघून गेलं. हात हलवण्याच्या खुणा त्याच्याजवळच्या शिकारीच्या परवान्यामागे छापलेल्या होत्या. त्या त्याने वाचल्या तेव्हा उशीर झाला होता. मदत हवी असेल तर दोन्ही हात वर, इंग्रजी वाय अक्षरासारखे. हे आजच पाठ करा.

पुस्तक घेताना नंतरची आवृत्ती मिळाली तर बरं. ख्रिसने खाल्लेल्या रानबटाट्याच्या बियांबद्दल लेखकाचं मत बदलत गेलं आहे. आधी त्यांना वाटलं की त्याने दोन सारख्या दिसणाऱ्या वनस्पतींत गल्लत केली. मग त्यांनी बियांतल्या अल्कलॉइडकडे बोट दाखवलं, 2013 मध्ये वेगळ्या एका विषारी घटकाकडे, आणि 2015 मध्ये एल-कॅनाव्हॅनिन या अमिनो आम्लाकडे. विष नव्हतंच, निव्वळ उपासमार होती, असं मानणारेही आहेत. वाद काहीही असो, पोट रिकामं होतं आणि बाहेर पडायची वाट बंद होती, यात वाद नाही.

त्याला मूर्ख ठरवून पुस्तक मिटू नका. तसं करणारा वाचक स्वतःला आपोआप शहाण्यांत मोजतो, आणि डोंगरात हाच भ्रम नडतो. तो मुलगा कणखर होता, हुशार होता, आणि एकशे दहाहून जास्त दिवस टिकला. कमी पडली ती थोडी माहिती, आणि ती त्या काळीही मिळण्यासारखी होती.

घरी ठेवायची चिठ्ठी

तो कुठे आहे हे त्याच्या घरी कुणालाच माहीत नव्हतं. लिफ्ट देणाऱ्या इलेक्ट्रिशियनला काळजी वाटली, अँकरेजला नेऊन सामान घेऊन देतो म्हणाला, पण ख्रिसने फक्त रबरी बूट आणि थोडं खाणं घेतलं. भूक लागली की येईल परत, असं त्या माणसाला वाटलं. त्यामुळे अलास्कात त्याचा शोध कधी सुरूच झाला नाही.

तुमची चिठ्ठी कागदावर लिहा आणि तिचा फोटो दोघांना पाठवा. एक घरचं माणूस, आणि एक असा मित्र ज्याला डोंगर कळतो. ‘राजगडला चाललोय, उद्या येतो’ ही चिठ्ठी नव्हे. ती अशी हवी:

‘शनिवारी सकाळी गुंजवण्यातून चोर दरवाज्याने पद्मावती माचीवर. रविवारी सकाळी 7 वाजता निघून पाली दरवाज्याने पाली गावात उतरणार. संजीवनी माचीपलीकडे जाणार नाही. वाट बंद असेल तर गुंजवण्यातच परत. निळी सॅक, पिवळा रेनकोट, बूट 9 नंबर. रक्तगट बी पॉझिटिव्ह. फोनची बॅटरी शनिवारी रात्रीपर्यंत पुरेल. रविवारी दुपारी 3 पर्यंत गावातून फोन करेन. 6 पर्यंत आला नाही तर मी अडचणीत आहे असं समजा आणि 112 ला कळवा.’

शेवटची दोन वाक्यं सगळ्यात महत्त्वाची. दोन वेळा हव्यात: अपेक्षेची आणि धोक्याची. एकच वेळ दिली तर घरचे एक तर दहाव्या मिनिटाला घाबरतात, नाहीतर ‘येईल की’ म्हणत रात्र घालवतात. दोन वेळांमध्ये तीन तासांचं अंतर पुरे. ‘कुठे जाणार नाही’ हेही लिहाच, त्याने शोधणाऱ्यांचं निम्मं क्षेत्र कमी होतं. वाटेत बेत बदलला आणि रेंज नसेल तर बेत बदलायचा नाही. हा नियम जाचक वाटतो, पण एकट्याने जायची किंमत हीच आहे.

तशीच एक चिठ्ठी पायथ्याच्या गावात ज्या घरी चहा घ्याल तिथे द्या. किंवा सरळ सांगा, ‘मावशी, मी एकटाच वर चाललोय, उद्या दुपारी पालीकडून उतरेन.’ डोंगरात कुणी हरवलं तर सर्वांत आधी गावातलीच पोरं कंदील-बॅटऱ्या घेऊन निघतात. लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रसारखे प्रशिक्षित स्वयंसेवक पुण्याच्या आसपास आहेत, पण त्यांना पोहोचायला काही तास लागतातच. ज्या भागात जाणार तिथल्या बचाव पथकाचा आणि पोलीस ठाण्याचा नंबर निघण्याआधी शोधून कागदावर लिहून घ्या.

नकाशा आणि उजेडाचा हिशेब

भारतीय सर्वेक्षण विभागाचे 1:50,000 चे नकाशे त्यांच्या संकेतस्थळावरून मिळतात. जुन्या क्रमांकांत पुण्याचा परिसर 47 एफ या मोठ्या पत्रकात येतो. या नकाशावर 2 सेंटिमीटर म्हणजे 1 किलोमीटर आणि दोन समोच्च रेषांमध्ये (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांमध्ये) 20 मीटरचा फरक. रेषा एकमेकींना चिकटल्या की कडा. नकाशा रंगीत छापून घ्या, प्लास्टिकच्या पिशवीत घाला, आणि मोबाईलमधल्या ऑफलाइन नकाशाला जोडीला ठेवा. कागद पावसात आणि मोबाईल बॅटरीत दगा देतो. दोन्ही एकदम क्वचितच दगा देतात.

नकाशावर जायची वाट पेन्सिलने आखा आणि मग तिच्यावरची प्रत्येक अशी जागा शोधा जिथून मागे वळणं अवघड होईल. ओढा, कातळटप्पा, घसारा (सुटी माती-दगड) असलेली नाळ, म्हणजे कड्यांमधली उतरती चिंचोळी घळ. प्रत्येक जागेसाठी दुसरी वाट कोणती, हे लिहा. दुसरी वाट नसेल तर ती जागा एकट्याने ओलांडायची नाही. टेक्लानिकाच्या काठी ख्रिसकडे नेमकी हीच माहिती नव्हती.

वेळेसाठी साधा ठोकताळा: सॅक पाठीवर असताना सपाटीला ताशी 3 किलोमीटर, आणि दर 300 मीटर चढाला एक तास वेगळा. 9 किलोमीटर अंतर आणि 600 मीटर चढ असेल तर तीन अधिक दोन, पाच तास. खाणं, श्वास घेणं, वाट शोधणं यासाठी एक तास वाढवा. डिसेंबरात पुण्यात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, जूनमध्ये सात वाजून गेल्यावर. मुक्कामाच्या जागी सूर्यास्ताच्या दोन तास आधी पोहोचायचं, म्हणजे डिसेंबरात चार वाजता. म्हणजे सकाळी दहाच्या आत पायथा सोडायला हवा. निघायला उशीर झाला तर वाट छोटी करा, चाल वाढवू नका. घाईत घोटा मुरगळतो, आणि एकट्याचा मुरगळलेला घोटा म्हणजे रात्र उघड्यावर.

राजगड ते तोरणा ही दांडावरची वाट पहिल्या एकट्या भटकंतीसाठी घेऊ नका. ती लांब आहे, मध्ये पाण्याची खात्री नाही, आणि ढोरवाटांनी ठिकठिकाणी फसवते. पहिल्या वेळी ज्या गडावर आधी कुणाबरोबर जाऊन आला आहात तोच निवडा. वाट ओळखीची असली की लक्ष स्वतःकडे देता येतं.

वाट हरवली तर

पुस्तकांतून आणि व्हिडिओंतून एक सल्ला फार फिरतो: वाट चुकली तर पाण्याचा प्रवाह धरून खाली उतरा, वस्ती लागेल. सह्याद्रीत हे कधीही करू नका. हा डोंगर लाव्हाच्या थरांवर थर बसून झाला आहे. प्रत्येक थराचा काठ म्हणजे एक कडा, आणि ओढा त्या कड्यावरून धबधब्यासारखा खाली पडतो. ओढ्यातून उतरताना पहिला चार-पाच फुटांचा टप्पा तुम्ही सहज घसरत उतराल, दुसरा जरा कष्टाने, आणि तिसऱ्याच्या तोंडाशी खाली दोनशे फुटांची पोकळी असेल. मागे वळाल तर जो टप्पा घसरत उतरलात तो ओल्या कातळावर चढता येणार नाही. माणूस मधल्या फळीवर अडकतो आणि तिथून त्याला दोराशिवाय काढता येत नाही.

करायचं ते असं. वाट संपल्यासारखी वाटली की थांबा, सॅक उतरवा, पाणी प्या. शेवटची खात्रीची खूण आठवा: देवाचा दगड, बाण, पायरी, टाकं. तिथपर्यंत उलट चढून जा, कितीही जिवावर आलं तरी. तिथून पुन्हा शोधा. कारवीच्या दाटीत शिरलेली, कमरेखाली मोकळी आणि कमरेवर फांद्यांनी बंद असलेली वाट बहुधा ढोरवाट असते. माणसांच्या वाटेवर खांद्याच्या उंचीच्या फांद्याही मोडलेल्या दिसतात. अर्ध्या तासात खूण मिळाली नाही किंवा उजेड कमी झाला, तर आहे तिथेच, वाऱ्याआड, ओढ्याच्या पात्रापासून दूर बसून रात्र काढा.

शिट्टी सॅकच्या छातीपट्ट्याला बांधलेली हवी, आत खोल नको. एका मिनिटात सहा वेळा वाजवा, मग एक मिनिट थांबा, पुन्हा सहा. रात्री बॅटरीने तसंच. उत्तर आलं तर ते मिनिटाला तीन वेळा असतं. फोन दरीत उतरताना फ्लाइट मोडवर ठेवा, कारण टॉवर शोधण्यातच बॅटरी उडते. रेंज नसली तरी जीपीएस चालतं, म्हणून अक्षांश-रेखांश आधी कागदावर उतरवा, मग सोंडेवर किंवा माचीच्या टोकाला येऊन मेसेज पाठवा. जिथे फोन लागत नाही तिथेही कधी कधी एसएमएस जातो.

पाणी आडवं आलं तर

अलास्कातली ती नदी हिमनदीच्या पाण्याची. उन्हाळा चढत जातो तसं तिचं पाणी आठवडेच्या आठवडे वाढत राहतं. आपला ओढा वेगळ्या स्वभावाचा. घाटमाथ्यावर सर आली की काही मिनिटांत तो गुडघ्यावरून कमरेवर येतो, आणि पाऊस थांबला की बहुतेक वेळा काही तासांत उतरतो. याचा अर्थ सरळ आहे: सह्याद्रीत ओढ्याकाठी वाट बघणं हा खरा उपाय आहे. दोन वेळचं खाणं जवळ असेल तर वाट बघता येते, नसेल तर माणूस पाण्यात पाय घालतो.

पायथ्याला ऊन असताना वर पाऊस पडत असू शकतो. पाणी अचानक मातकट झालं, काटक्या-पाला वाहत यायला लागला, किंवा ओढ्याचा आवाज खर्जात गेला, की पात्रातून बाहेर पडा. सामान मागे राहिलं तर राहू द्या. 30 जून 2024 रोजी लोणावळ्यात भुशी धरणाजवळच्या धबधब्यात पुण्यातल्या एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. पाण्याच्या मधोमध उभं असताना दोन्ही काठ तोडले जातात.

ओलांडायचंच असेल तर नियम कडक ठेवा. वेगाचं पाणी गुडघ्याच्या वर असेल तर नाही. तळ दिसत नसेल तर नाही. खालच्या अंगाला धबधबा, खडकांची चिंचोळी फट किंवा आडवं पडलेलं झाड असेल तर घोट्याएवढ्या पाण्यातही नाही. जागा निवडताना अरुंद जागेचा मोह पडतो, पण अरुंद म्हणजे खोल आणि जोरदार. पात्र जिथे पसरट होऊन फाटे फुटतात तिथे पाणी उथळ असतं. सॅकचे कमरेचे आणि छातीचे पट्टे सोडा, म्हणजे पडलात तर सॅक टाकून देता येईल. बूट पायातच ठेवा. तोंड प्रवाहाच्या वरच्या बाजूला, काठी पुढे रोवलेली, एका वेळी एकच पाय किंवा काठी हलवायची, पाय उचलून न टाकता तळाशी सरकवायचा. कमरेला दोर बांधून एकट्याने कधीही उतरू नका. पडल्यावर दोर ताणला जातो आणि पाणी माणसाला खाली दाबून धरतं. वाहून गेलातच तर उभं राहायची धडपड नको, पाय पुढे करून पाठीवर तरंगा, कारण दगडात पाय अडकला की प्रवाह अंगावरून जातो.

जून ते सप्टेंबर हवामान खात्याचा पुणे जिल्ह्याच्या घाट विभागाचा अंदाज पाहा. शहराचा पाहून उपयोग नाही. ऑरेंज किंवा रेड असेल तर बेत रद्द. या दिवसांत जिल्हा प्रशासन काही ठिकाणी बंदीचे आदेशही काढतं, ते आदल्या दिवशी तपासा. खरं तर पावसाळ्यात एकट्याने जाऊच नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ एकट्यासाठी उत्तम.

खाणं आणि प्यायचं पाणी

ख्रिसच्या सॅकमध्ये दहा पौंड तांदूळ होता, म्हणजे साडेचार किलो. कच्च्या तांदळात शंभर ग्रॅमला साधारण 350 कॅलरी. सगळा मिळून सोळा हजारांच्या आत. रानात राबणाऱ्या तरुणाला दिवसाला तीन हजार तरी लागतात, म्हणजे तो तांदूळ पाच-सहा दिवसांचा. बाकी सगळं बंदुकीवर आणि रानावर अवलंबून. खारी आणि पक्षी मिळत होते, पण कमी चरबीच्या मांसाने माणूस झिजतच जातो. सापडला तेव्हा त्याचं वजन तीस किलोंच्या आसपास होतं.

तुमचा हिशेबही असाच मांडा. दोन दिवसांसाठी आठ-दहा तिखटमिठाच्या दशम्या, चटणी, दोनशे ग्रॅम चिक्की (साधारण हजार कॅलरी), तेवढेच शेंगदाणे, आणि खिचडीचा शिधा. यावर एक दिवसाचं जादा खाणं, असं की जे चूल न पेटवता खाता येईल: भडंग, खजूर, गूळ-शेंगदाणे. हा पुडा सॅकच्या तळाशी सुतळीने बांधून ठेवा आणि घरी येईपर्यंत उघडू नका. तो वाट बघण्यासाठी आहे.

पाणी हिवाळ्यात दिवसाला तीन लिटर, मार्च ते मेमध्ये पाच. गडावरच्या टाक्यांपैकी बारमाही कोणतं हे गावातच कळेल. इंटरनेटवरचा फोटो ऑक्टोबरचा असतो आणि तुम्ही जाता एप्रिलमध्ये. जवळच्या पाण्याचे मनाने तीन भाग करा: एक जाताना, एक येताना, एक शिल्लक. पहिला भाग संपला आणि पाण्याची जागा आली नाही, तर तिथूनच मागे. टाक्याचं पाणी चौपदरी फडक्यातून गाळा, खळखळून एक मिनिट उकळा; क्लोरीनची गोळी वापरत असाल तर निदान अर्धा तास थांबा, आणि पाणी गढूळ असेल तर आधी गाळल्याशिवाय गोळी काम करत नाही. चक्कर, पेटके, लघवी गडद पिवळी, ही लक्षणं दिसली तर सावलीत बसून एक लिटर पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाच्या चमच्याने, मिसळून घोट घोट प्या.

रानातलं तोंडात टाकण्याआधी

करवंद, जांभूळ, तोरणं, आळू ही ओळखीची फळं पिकलेली खायला हरकत नाही. कंद, मुळं, बिया आणि अळंबी यांना एकट्याने हात लावू नका. कळलावीचं फूल किती देखणं, पण तिच्या कंदात कोल्चिसीन असतं आणि तो रताळ्यासारखा किंवा रानकंदासारखा दिसतो. जेवणात आला तर जीव जातो. गुंजेच्या लालकाळ्या बिया आणि धोतऱ्याच्या बियाही तशाच.

ओळख असूनही रीत माहीत हवी. उदाहरणार्थ, शेवळं ही रानभाजी. पावसाच्या तोंडावर मावळात गावोगावी शिजवतात. कोंब सोलून, आतला पिवळट भाग काढून, बारीक चिरून, काकडाच्या आंबट फळांबरोबर शिजवतात. काकड नसेल तर चिंच घालतात. हे टाळून कच्चं किंवा अर्धं शिजलेलं खाल्लं तर कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुयांनी घसा असा खाजतो की पाणी गिळवत नाही. ही रीत पुस्तकातल्या चित्रात नसते. ख्रिसजवळ तिथल्या वनस्पतींचं एक चांगलं पुस्तक होतं. त्यात रानबटाट्याच्या मुळांची माहिती होती, बियांबद्दल धोक्याची सूचना नव्हती. सूचना नाही म्हणजे धोका नाही, असं धरू नका.

गावकऱ्यांना विचारताना

विचारण्याचीही पद्धत आहे. ‘मामा, ही वाट गडावरच जाते ना?’ असं विचारलंत तर भिडेखातर ‘हो, जाते की’ येईल. ‘मामा, ही वाट कुठं जाते?’ असं विचारा. ‘अजून किती लांब?’ याला ‘हे काय, इथंच’ हे ठरलेलं उत्तर. त्याऐवजी ‘तुम्हाला किती वेळ लागतो?’ विचारा आणि तो दुप्पट करा. धनगरवाड्यावर ‘गेल्या आठवड्यात कुणी खाली उतरलं का त्या नाळेतून?’ हा प्रश्न सोन्यासारखा. आणि गावातला माणूस ‘एकटे नका जाऊ तिकडून’ म्हणाला, तर कारण विचारा आणि वाट बदला. दरड, मोहोळ, बिबट्याची पिल्लं, काहीही असेल. त्या इलेक्ट्रिशियननेही असंच सांगून पाहिलं होतं.

खाली उतरल्यावर पहिला फोन चिठ्ठी ज्याच्याकडे आहे त्याला करा, गडाचे फोटो नंतर. रेंज नसेल तर गावातल्या कुणाच्या तरी फोनवरून करा. पायथ्याच्या ज्या घरी सांगून गेला होता तिथेही निरोप द्या, दुसऱ्या गावात उतरला असाल तर फोनवरून. नाहीतर संध्याकाळी ती माणसं उगाच बॅटऱ्या घेऊन वर चढतील.